त्रेसष्ट घरांचे शून्य

ग्वातेमाला शहर, २ सप्टेंबर २०१९

एर्लिंदाताईस,

नऊ वर्षांनंतर तुझे अक्षर पाहिले. 'र' अजूनही डावीकडे कलतो. टपालाचा भरवसा उरला नसल्याने एल तुलारची सारी पत्रे हल्ली बसच्या ड्रायव्हरच्या सीटखालूनच प्रवास करतात, हे मला ठाऊक होते. पण तिनो ड्रायव्हरांनी आज माझ्या नावाने हाक मारली, तेव्हा ती हाक दुसऱ्या कोणाला असावी असेच मला वाटले.

तुझ्या चार ओळी मी पुन्हा लिहून काढतो, म्हणजे माझ्या उत्तरात काही निसटणार नाही:

'क्लेतो, एकवीस नोव्हेंबरला सुनावणी आहे. खाण पुन्हा सुरू करण्याआधी ज्या आदिवासी गावांना विचारायचं, त्यांच्या यादीत एल तुलार नाही. खाणीचा वकील म्हणतो, या गावात शिन्का राहतच नाहीत, २००२ च्या जनगणनेत आकडा शून्य आहे. तो कागद तू भरलास. येऊन सांग ते शून्य कुठून आलं.'

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे पद्धतशीर उत्तर देता येते. लोकांना वाटते, शून्य म्हणजे 'नाही'. तसे नसते! शून्य दोन प्रकारचे असते. तळ्यात मासे नाहीत म्हणून जाळ्यात मासा आला नाही, हे एक शून्य. जाळ्याची भोके मोठी होती म्हणून मासा आला नाही, हे दुसरे. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. वर्गात मी हा भेद सांगत असे तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करीत.

आता जाळे कसे होते ते पाहू. प्रत्येक माणसासाठी दोन रकाने होते: समाज कोणता आणि मातृभाषा कोणती. आपल्या शिन्कांसारखेच मूळनिवासी असलेल्या उत्तरेकडच्या माया लोकांचे सोपे असते. बाईचा पोशाख पाहिला की गाव कळते, तोंड उघडले की भाषा कळते. आपल्याकडे पोशाख उरला नाही, डोक्याला बांधायचा रंगीत रुमाल तेवढा राहिला. भाषेतले शब्द झाडांना, पाण्याला आणि शिव्यांना चिकटून राहिले. अशा गावात जाळ्याची भोके मोठीच ठरणार. दोष मापनपद्धतीचा आहे, आणि तुमच्या वकिलाने तो याच शब्दांत मांडावा असे मी सुचवीन.

मला स्वतःला येणे जमेल असे वाटत नाही. गुडघा दुखतो. त्या काळातले कागदही माझ्यापाशी नाहीत.

तुझा भाऊ,
अनाक्लेतो


ग्वातेमाला शहर, १६ सप्टेंबर २०१९

ताई,

तुझे उत्तर मिळाले. 'तुला विचारलं ताप किती, तर तू थर्मामीटर कसा बनतो ते सांगतोस. आई म्हणायची ते खरंच होतं, या पोराला तहान लागली तर आधी विहिरीचा इतिहास सांगेल.' मी हसलो. मग पुढचे वाचले आणि हसू तोंडातच राहिले.

तू लिहितेस की २०१० च्या सभेत खाणवाल्यांनी वाचलेल्या त्या आकड्याने गाव फोडले. घरोघर सगळे शपथेवर सांगतात, आम्ही शिन्का म्हणूनच सांगितलं होतं. पण बेरीज शून्य, म्हणजे सगळेच खोटे बोलतात, असे प्रत्येक जण दुसऱ्याबद्दल धरून चालतो. रुपेर्तोकाकांची बायको नऊ वर्षे सोइलाच्या गिरणीत पाऊल टाकत नाही, मक्याचे टोपले डोक्यावर घेऊन पलीकडच्या गावी दळायला जाते. आणि आईबद्दल काय म्हणतात तेही तू लिहिलेस. गावात ती एकटीच भाषा जाणणारी, तीच नाही म्हणाली असणार, पोराच्या हातातच कागद होता, त्याच्या नोकरीसाठी म्हणाली असेल. हे ऐकून घेत तू नऊ वर्षे नळावर पाणी भरलेस.

म्हणून मागच्या पत्रात जे लिहिले नाही ते लिहितो. पद्धतीचा दोष खरा, पण पुरता नाही. ताई, मी विचारलेच नाही.

याचे कारण आपला शिष्टाचार, आणि तो मी तुला समजावून सांगण्याची गरज नाही. तरीही सांगतो, कारण क्रम लावून मांडले की मला धीर येतो. आपल्यात 'तू कोण' असे कोणी विचारत नाही. 'कुणाच्या घरचा' असे विचारतात. 'कोण' हा प्रश्न बाहेरचे विचारतात. जिल्ह्याच्या गावी, क्विलापाच्या बाजारात विचारतात, आणि उत्तर त्यांना आधीच ठाऊक असते: 'ए इंडिओ, मागे सरक.' बाबांनी ते किती वेळा ऐकले! मग मी, त्यांचा शिकलेला मुलगा, दारोदार जाऊन तोच प्रश्न विचारणार? साठ वर्षांच्या रुपेर्तोकाकांना? नाही जमले. मी 'लादिनो' लिहिले. स्पॅनिश बोलणारा, शहरी वळणाचा, कोणाला ज्याची अडचण होत नाही असा माणूस. दारी आलेल्या पाहुण्याला घरातली बरी खुर्ची पुढे करावी, तसा मी तो शब्द पुढे केला.

भलेपणाने चूक झाली. वकिलांना हेही सांगता येईल. त्यासाठी माझी गरज नाही.

लव्हाळ्याबद्दल तू एक ओळ लिहिलीस, की तळ्याचे पाणी हटले आणि आता चांगला लव्हाळा मिळवायला कमरेइतक्या चिखलात जावे लागते. ती ओळ मी अनेकदा वाचली. चटई विणायला लव्हाळा किती लांब लागतो, कापून किती दिवस सावलीत ठेवावा, गुडघ्याखाली कसा दाबून विणावा, हे मला अजून सारे आठवते. विचारलेस तर कोणालाही शिकवू शकेन.

अनाक्लेतो


ग्वातेमाला शहर, ७ ऑक्टोबर २०१९

ताई,

मी पकडला गेलो. इतक्या नेटक्या रीतीने की शिक्षक म्हणून मला तुझे कौतुकच वाटले.

तू केलेस ते कोणत्याही तपासनिसाने करायला हवे होते. नऊ वर्षे लोक घराघरांत वेगळे बोलत होते, त्यांना तू गावच्या सामायिक जमिनीवरच्या सभागृहात एकत्र बसवलेस आणि एकच विचारलेस: 'त्या नोव्हेंबरात मी कॉफीच्या तोडणीला गेले होते. मला सांगा, मास्तर आला तेव्हा काय झालं?' तुझ्या पत्रातले ते पान मी जपून ठेवणार आहे.

रुपेर्तोकाका म्हणाले, "दगडावर बसला. दोन कप कॉफी प्यायला. मग विचारतो, काका, तुम्ही स्वतःला कोणत्या समाजाचे समजता? मी म्हटलं, साठाव्या वर्षी माझं लग्न जमवतोस की काय? लिही, शिन्का."

सोइला उठली. "अगदी हेच! मी म्हटलं, लिही, आणि मोठ्या अक्षरात लिही, शेजाऱ्यांना दिसू दे."

"तू हो म्हणालीस?" काका म्हणाले.

"नाही तर काय? तुम्ही?"

"मीसुद्धा!"

"मग तुमच्या बाईने नऊ वर्षं माझी गिरणी का चुकवली?"

"मला वाटलं, तुम्ही लोक नाही म्हणालात."

"आणि मला वाटलं, तुम्ही."

पुढे तू लिहितेस: 'मग एकेक जण उठून हेच सांगू लागला. एकेचाळीस घरांची माणसं होती. एकेचाळीस जण खोटं बोलतील मास्तर, पण एकच प्रश्न, त्याच शब्दांत, खोटा नाही रचू शकत. तू विचारलं होतंस.'

होय. मी विचारले होते.

'तू कोण' असे विचारणे आपल्यात अपमान, हे मागच्या पत्रात लिहिले तेही खोटे निघाले. लोकांना राग आला नाही. कोणाला हसू आले, कोणी चेष्टा केली, फिलोमेनाकाकूने तर मला मक्याचा वाफवलेला तामाल खायला घातला, म्हणाली, 'सरकारला आमची आठवण झाली म्हणायची!' लाज त्यांना नव्हती वाटत. लाज माझी होती, आणि मी ती त्यांच्या नावावर लिहिली.

आता क्रमाने. मोजणीआधी क्विलापात प्रशिक्षण होते. मी सर्वांत पुढे बसलो होतो, ठळक गोष्टी लाल शाईने टिपत होतो. प्रश्नावली कशी रचतात हे मला तेव्हा प्रथमच कळत होते आणि मी खरोखर भारावलो होतो. कोणीतरी विचारले, 'शिन्का ओळखायचा कसा?' मागच्या रांगेतला दुसऱ्या गावचा एक मास्तर म्हणाला, 'सोपं आहे. दिसायला इंडिओ, बोलायला लादिनो, आणि विचारलं तर म्हणतो आपण दोन्ही नाही!' सारी खोली हसली.

ताई, त्या हसण्यात सर्वांत मोठा आवाज माझा होता.

मग मी गावी आलो, आणि गावाने मला सरळ उत्तरे दिली. त्रेसष्ट घरे! कच्च्या वहीत पेन्सिलने मी ती जशीच्या तशी टिपली. दोन दिवसांनी शाळेच्या टेबलावर पक्के फॉर्म भरायला बसलो. तेव्हा दिसले ते असे: मी हा गठ्ठा क्विलापात देतो, कोणीतरी वरचे पान उलटतो आणि म्हणतो, 'मास्तर, गावच्या गाव? मग तुम्हीसुद्धा?' असे कोणी म्हणाले नव्हते. कोणी म्हणणारही नव्हते कदाचित. मला हेडमास्तर व्हायचे होते. मी पहिल्या फॉर्मवर 'लादिनो' लिहिले. दुसऱ्यावर लिहिताना हात थोडा अडखळला. दहाव्यानंतर अडखळला नाही.

पुढल्या वर्षी मी हेडमास्तर झालो. २०१० च्या त्या सभेत खाणवाल्यांनी 'शून्य' वाचून दाखवले, सोइला तुला म्हणाली, 'मग तुझ्या आईनेही नाहीच म्हटलं,' आणि तू वळून माझ्याकडे पाहिलेस. मी चष्मा पुसत होतो. तो स्वच्छ होता.

हे तू सुनावणीत वाचून दाखवू शकतेस. खाली सही केली आहे.

अनाक्लेतो दोनिस


१९ ऑक्टोबर

ताई,

तीन बसगाड्या येऊन गेल्या. तिनो म्हणतात, 'मास्तर, सीटखाली आज फक्त कोंबड्या.'

तू विचारलेले नाहीस, तरी मला माहीत आहे की तुझे पत्र कशासाठी अडले आहे. मागच्या पत्रात त्रेसष्ट घरे म्हटले. त्यातल्या एका घराबद्दल मी काही लिहिले नाही, हे तुझ्या लक्षात आल्यावाचून राहिले नसेल.

अ.


ग्वातेमाला शहर, १ नोव्हेंबर २०१९

ताई,

आज मृतांच्या सणाला तू आईच्या कबरीला रंग दिला असशील. निळा ना? गुळातला भोपळा झाला असेल, झेंडू बादलीत असेल. मी येथे एका खोलीत आहे, आणि शेजारच्या घरातून त्याच भोपळ्याचा वास येतो आहे.

आज काही समजावून सांगणार नाही. फक्त सांगतो.

आपले घर शेवटी ठेवले होते. तेव्हा मी आईजवळच राहत होतो. ती अंगणात गुडघ्यांवर बसून चटई विणत होती. मी लाकडी पेटीवर बसलो. चेष्टेने म्हणालो, "सेन्योरा, सरकारचा माणूस आलाय."

"सरकारचा माणूस आधी पाय पुस," ती म्हणाली.

नाव, वय, घरातली माणसे लिहून झाली. तुझेही तिनेच सांगितले. तू तोडणीला होतीस. मग मी वाचले: "मातृभाषा कोणती?"

"तुझ्याशी तुझी. पाण्याशी माझी."

"असं नाही लिहिता येत, आई. एकच लिहायची."

"मग माझी लिही."

मी लिहिले. मग समाजाचा प्रश्न विचारला. तिने विणणे थांबवले. आई विणताना थांबत नसे, हे तुला माहीत आहे; ओळ पुरी झाल्याशिवाय तिने तुझ्या लग्नाची बोलणीसुद्धा ऐकली नव्हती.

"मला हे आजवर कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "ओरडलेत. विचारलं नाही. शिन्का लिही."

मी लिहिले. "वाच," म्हणाली. वाचून दाखवले. मग वाकून वही पाहू लागली. अक्षर तिला लागत नव्हते, पण हातातल्या वस्तू कळत होत्या.

"हे पेन्सिलनं लिहिलंस. पुसलं जाईल."

"ही कच्ची वही आहे, आई. पक्कं करतो नंतर, शाईने."

"नंतरचं नंतर," ती म्हणाली. लव्हाळ्याची बारीक चिरफळी तोंडात धरून ओली केली, पानाच्या कोपऱ्याला सुईने भोक पाडले, आणि चटईच्या शेवटी मारते तशी गाठ मारली. आपल्या घराची: दुहेरी, उजवीकडे वळलेली, शेपूट बाहेर ठेवलेली. "आता पुस," म्हणाली आणि हसली.

मग म्हणाली, "खाली तुझं लिही."

"माझं नंतर लिहितो."

चौथ्या दिवशी मी क्विलापाहून परतलो, तेव्हा तिने भाकऱ्या थापता थापता विचारले, "पक्कं केलंस?" मी म्हटले, "केलं." तिने माझ्या ताटात जास्तीचा घेवडा वाढला.

त्यानंतर ती सात वर्षे जगली. त्या सात वर्षांत, तळ्यावर पहिली पेंढी कापण्याआधी पाण्यात हात बुडवून परवानगी मागताना, 'उय' या आपल्या जुन्या शब्दाने पाण्याला हाक मारताना, तिला वाटत होते की कुठेतरी सरकारी कागदावर शाईने लिहिलेले आहे. तिच्या मरणानंतर लोकांनी तिच्यावर नकाराचा आळ घातला, तो मी ऐकला. गप्प राहिलो. नऊ वर्षे तो तू वाहिलास, आणि मी येथे निवृत्त शिक्षकांच्या मंडळात 'गणिताची गोडी' या विषयावर व्याख्याने देत होतो.

आणखी एक. गेल्या वर्षी नवी जनगणना झाली. माझ्या दारी एक मुलगी आली, विशीतली, गळ्यात ओळखपत्र. तिने अदबीने विचारले, 'सर, तुम्ही स्वतःला कोणत्या समाजाचे समजता?' प्रश्न अगदी नीट विचारला होता. ना घाई, ना सूचक सूर. मी म्हणालो, 'लादिनो.' तेव्हा कोणी हसायला नव्हते, ताई. खोलीत आम्ही दोघेच होतो.

पहिल्या पत्रात लिहिले की कागद माझ्यापाशी नाहीत. वही आहे. हजेरीपटांच्या खाली, सतरा वर्षे. तीत त्रेसष्ट घरांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत आहेत, रुपेर्तोकाकांच्या लग्नाचा विनोदही कंसात आहे, कारण मी काहीच गाळत नाही, ही माझी खोड. काही पाने मी एकदा खोडरबराने पुसायला घेतली होती. पहिल्या घराच्या दोन ओळी पुसट झाल्या, पण पेन्सिलचे वळ कागदावर आहेत, उजेडात तिरके धरले की वाचता येतात. मग शेवटचे, आईचे पान उघडले आणि थांबलो. गाठ सोडवल्याशिवाय ते पान सपाट होत नव्हते, आणि गाठ मला सोडवता आली नाही.

वही या पत्राबरोबर पाठवतो आहे. तिनोंना सांगितले आहे की ती सीटखाली ठेवायची नाही, मांडीवर घ्यायची. ते म्हणाले, 'मास्तर, गिअर कसा टाकू?' तरी नेतील. आधी मी ती स्वतः घेऊन येणार होतो. मग मनाशी विचार केला की मी वाटेत कुठल्याही थांब्यावर उतरू शकतो. वही उतरणार नाही. आता मी आलो नाही तरी तुमचे काम अडणार नाही. म्हणून मी येऊ शकेन.

वीस तारखेच्या दुपारच्या बसने येतो. घरात घेऊ नकोस, सभागृहात झोपेन. एकवीसला विचारतील त्याला उत्तर देईन: सरकारी कागदावर खोटे कोणी लिहिले, केव्हा, कोणत्या टेबलावर. पुढे माझे काय होईल ते त्यांनी ठरवावे. आधी मात्र रुपेर्तोकाकांच्या दारी जाईन, मग सोइलाच्या गिरणीवर, मग पुढच्या दारी, त्याच क्रमाने, जसा तेव्हा गेलो होतो. कॉफी कोणी देणार नाही, हे धरून चाललो आहे.

वही मिळाल्यावर शेवटचे पान उघड. गाठीला बोट लाव. मला खात्री करून द्यायची गरज पडणार नाही, ती गाठ तू डोळे मिटूनही ओळखशील.

तिच्या नावाखालची ओळ कोरी होती. ती आज भरली आहे, शाईने. शेजारी आजचीच तारीख घातली आहे, म्हणजे ती सतरा वर्षांपूर्वीची आहे असा कोणाचा गैरसमज होणार नाही.

क्लेतो